इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेण्याआधी वाजवून कसं पारखायचं?

सम_विषम

दुकानात मांडलेल्या किटवर बसलं की बहुतेकांची पहिली दहा मिनिटं मॉड्यूलमधले (पॅडच्या ठोक्यांना आवाज देणाऱ्या डब्यातले) आवाज चाळण्यात जातात आणि उरलेला वेळ हातात बसलेला एकच ठेका वाजवण्यात. त्यातून आवाज आवडला की नाही एवढंच कळतं. हलका हात पॅडला समजतो का, हाय-हॅट (पायाने उघडबंद होणारी झांज) अर्धी उघडी धरता येते का, किकचा (पायाने वाजवायच्या ड्रमचा) टॉवर जागेवर राहतो का, हे तसंच राहून जातं. घरी आणल्यावर डोकं उठवतात त्या नेमक्या याच गोष्टी.

कुठलं मॉडेल घ्यावं यावर भरपूर धागे आहेत. इथे फक्त पारखायची रीत लिहू या. सुरुवात करतो.

सोबत स्वतःच्या काड्या न्या, टोकं न पिचलेल्या. पिचलेल्या लाकडी टोकाने मेशचे (पॅडवरच्या जाळीचे) धागे तुटतात. वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि ६.३५ मिमी जॅकचं अडॅप्टर न्या. ड्रम की (मेशचा ताण बदलायची चावी) न्या. ज्या बुटांत एरवी वाजवता तेच घाला.

बसल्यावर लगेच वाजवू नका. स्टूल, स्नेअरची (समोरच्या मुख्य ड्रमची) उंची, पेडलचं अंतर आपल्या मापाने लावून घ्या. मग मॉड्यूलमध्ये साधा, लाकडी ड्रमसारखा आवाज असलेलं किट निवडा आणि रिव्हर्ब (घुमारा), रूम, कम्प्रेसर असे सगळे परिणाम शून्यावर आणा. कंपन्या पहिल्या पाच-सहा किटांना भरपूर रिव्हर्ब लावून ठेवतात. त्यात सुटलेले हलके ठोके आणि चुकून दोनदा वाजलेले ठोके दोन्ही झाकले जातात.

पुढे स्नेअर. ऐकू येईल न येईल इतक्या हलक्या हाताने एकेक ठोका सुरू करा आणि सोळा मात्रांत पूर्ण जोरावर या, मग तसंच खाली उतरा. आवाज पायऱ्यापायऱ्यांनी चढतो की सलग? सगळ्यात हलके ठोके गळतात का? जोरात मारताना वरच्या टोकाला सगळे ठोके सारखेच वाजायला लागतात का? या एका कसरतीतून पॅडबद्दल निम्मं कळतं. त्यानंतर डबल स्ट्रोक रोल (एकेका हाताने दोन-दोन ठोके), फ्लॅम (जवळजवळ एकत्र पडणारे दोन ठोके) आणि घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) असलेला एखादा संथ ठेका.

बाकीचं जाणकारांनी भरावं.

टोकदार_काडी

छान धागा. स्नेअरला एक जोड: एकाच जोराने मध्यापासून कडेपर्यंत आणि कडेकडेने पूर्ण गोल फिरत ठोके मारा. सेन्सर मध्यभागी फोमच्या शंकूखाली असेल तर बरोबर मध्यावर ठोका फुटून मोठा येतो. सेन्सर कडेला असेल तर त्या बाजूला आवाज चढतो. थोडा फरक चालतो, वाजवताना हात सरावतो. पण चार बोटं सरकल्यावर आवाज दुप्पट होत असेल तर ते पॅड रोलला त्रास देणार.

नवखी_थाप

मेश घ्यावं की रबर? दुकानदार म्हणतात मेशच घ्या.

अर्धमात्रा

@नवखी_थाप, स्नेअरला मेश, यावर फारसा वाद नाही. रबर खट्ट वाजतं, मनगटाला धक्का जास्त देतं आणि शेजाऱ्यांनाही जास्त ऐकू जातं. १९८१ च्या सिमन्स एसडीएस-५ चे षटकोनी पॅड तर कडक पॉलिकार्बोनेटचे होते. मनगटं दुखल्याच्या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. मेश पॅड बाजारात रुळले ते १९९७ च्या रोलँड टीडी-१० पासून.

पण रबर म्हणजे टाकाऊ असं नाही. चांगलं रबर पॅड वर्षानुवर्षं एकसारखं ट्रिगर करतं (ठोका पकडतं), ताण बघावा लागत नाही. टॉमला (बाकीच्या ड्रमना) रबर आणि स्नेअरला मेश अशी किटं असतात, ती वाईट सौदा नाहीत.

मेशबद्दल मत बनवण्याआधी त्याचा ताण बघा. दुकानातले मेश बहुतेक वेळा ढिले पडलेले असतात, कारण दिवसभर लोक त्यावर हात साफ करतात. ढिलं मेश ट्रॅम्पोलिनसारखं काडी फेकतं, ठोका उशिरा उठल्यासारखा वाटतो आणि काडी खाली शंकूला टेकते. विचारून ड्रम की लावा. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, एका वेळी पाव फेरा, असा ताण वाढवा आणि पुन्हा वाजवा. टॉमपेक्षा स्नेअर घट्ट ठेवा. एवढं करूनही काडी जास्तच उडत असेल तर मेश एकपदरी आहे का ते विचारा. दोन किंवा तीन पदरी मेशवर उसळी कमी असते. वरचं मेश नेहमीच्या मापाचं, म्हणजे ८, १०, १२ इंची असेल तर नंतर बदलता येतं. कंपनीने मुद्दाम वेगळं माप ठेवलं असेल तर येत नाही.

काठावरचा

धाग्याला वळण लावतो थोडं. दुकानात दिसलेला प्रत्येक दोष हा किटचा दोष नसतो. त्यातले निम्मे मॉड्यूलच्या मांडणीचे असतात आणि पाच मिनिटांत जातात. उलट काही दोष कुठलाही आकडा फिरवून जात नाहीत. वाजवून बघायला जायचं ते ही विभागणी करायला. म्हणून मॉड्यूलमधला ट्रिगरचा मेनू कुठे आहे हे घरून मॅन्युअल वाचूनच जा. मॅन्युअल कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळतात.

हलके ठोके गळतात: आधी थ्रेशोल्ड खाली आणा. थ्रेशोल्ड म्हणजे ज्याच्या खालचा सिग्नल मॉड्यूल ठोका मानत नाही ती पातळी. अगदी खाली नेल्यावर स्टँडला धक्का लागला तरी पॅड वाजायला लागेल, मग दोन पायऱ्या वर या. तरीही घोस्ट नोट गळत असतील तर दोष पॅडचा.

जोराचे सगळे ठोके सारखे येतात: सेन्सिटिव्हिटी जास्त आहे. कमी करा. पडद्यावर ठोक्याची पट्टी दिसत असेल तर पूर्ण जोराच्या ठोक्यालाच ती टोकाला टेकली पाहिजे. व्हेलॉसिटी कर्व्ह (हाताच्या जोराचं आवाजाशी नातं) सरळ म्हणजे लिनिअर ठेवूनच पारखा. बाकीचे कर्व्ह दोष झाकतात.

एका ठोक्याला दोन आवाज: याला दोन इलाज आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. मास्क टाइम वाढवला की पहिल्या ठोक्यानंतर तेवढे मिलिसेकंद पॅड बहिरं होतं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेत आठ ठोके वाजवले तर दोन ठोक्यांत ६२.५ मिलिसेकंद असतात. मास्क त्याच्या जवळ नेला की रोल गळायला लागेल, आणि फ्लॅमचे दोन ठोके तर त्याहून खूप जवळ असतात. दुसरा इलाज रिट्रिगर कॅन्सल, म्हणजे पॅडच्या थरथरीतून उठणारा दुसरा ठोका गाळणारा आकडा. तो फार वाढवला तर जलद रोलमधले हलके ठोके खाल्ले जातात. म्हणून हे आकडे वाढवल्यावर लगेच रोल आणि फ्लॅम पुन्हा वाजवा. दोन्ही गोष्टी एकाच मांडणीत साधत नसतील तर ते पॅड आणि ते मॉड्यूल यांचं जमत नाही, विषय संपला.

टॉम मारला की क्रॅश (झांज) वाजते: क्रॉसटॉक. रॅकच्या नळीतून कंप पोचतो. आधी क्लॅम्प घट्ट आहेत का बघा, मग चुकून वाजणाऱ्या पॅडचा, इथे क्रॅशचा, क्रॉसटॉक आकडा वाढवा. जास्त वाढवला तर दोन्ही एकत्र मारल्यावर हलका आवाज गळतो. क्रॅश आणि किक एकत्र, क्रॅश आणि स्नेअर एकत्र, असं वाजवून खात्री करा.

स्कॅन टाइमला दुकानात हात लावू नका. तो वाढवला की जोराचं मोजमाप नेमकं होतं पण आवाज तेवढा उशिरा येतो.

आणि निघताना फॅक्टरी रीसेट करा किंवा दुकानदाराला सांगा. पुढच्या माणसाला तुमची मांडणी नको.

टोकदार_काडी

+१. यात एकच: रीसेट *बसल्या बसल्या* पण करा. तुमच्या आधी कोणी काय फिरवून ठेवलंय काय माहीत.

पेडलपती

हाय-हॅटवर कोणीच लिहिलं नाही? स्वस्त आणि महाग किटमधला खरा फरक तिथेच कळतो.

आधी प्रकार ओळखा. पहिला: हाय-हॅटचं पॅड रॅकवर आणि कंट्रोलर पेडल वेगळं, जमिनीवर. दुसरा: खऱ्या हाय-हॅट स्टँडवर बसणारं पॅड, जे पायाबरोबर खरंच वरखाली होतं. दुसऱ्यात पायाला स्प्रिंगची जाणीव मिळते, पण स्टँड बहुधा वेगळा घ्यावा लागतो. शिवाय क्लचची (वरचं पॅड दांड्यावर धरणाऱ्या खिट्टीची) उंची बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. दुकानातल्या स्टँडवरच्या हाय-हॅट विचित्र वाजण्याचं हेच नेहमीचं कारण. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर वरचं पॅड बसवा, ऑफसेट लावा, मगच पारखा.

मग हे करून बघा. पेडल पूर्ण दाबून काडीने मात्रेला दोन ठोके असा ठेका धरा आणि आठ मात्रांत पाय हळूहळू उचला. बंद, किंचित सैल, अर्धी, पूर्ण उघडी असा आवाज सरकत गेला पाहिजे. बंद आणि उघडी एवढेच दोन आवाज येत असतील तर कंट्रोलर नुसता स्विच आहे, मांडणीने सुधारणार नाही. तीन-चार पायऱ्या येत असतील तर शिकायला चालेल.

नंतर पूर्ण उघडी वाजवून आवाज घुमत असताना पाय दाबा: लगेच तुटला पाहिजे. काडी न लावता नुसत्या पायाने चिक्. तो हलक्या आणि जोराच्या पायाला वेगळा येतो का? आणि पाय झटकन दाबून सोडला की येणारा फुट स्प्लॅश. तो काही मॉड्यूलमध्ये नसतोच.

शेवटी दोन-तीन मिनिटं सलग वाजवत राहा. पेडल पुढे सरकतं का? तळाला वेल्क्रो किंवा टोकदार खिळे आहेत का? गुळगुळीत फरशीवर दोन्ही निरुपयोगी, खाली जाड चटई लागते.

नवखी_थाप

किकचं पण असंच का?

पेडलपती

किकला तीन गोष्टी. एक: बीटर (पॅडवर आपटणारा दांडा) नसलेलं नुसतं पेडल असेल तर ते शांत असतं, पण बीटरचं वजन आणि उसळी पायाला कळत नाही. पुढे खऱ्या किटवर जायचं असेल तर टॉवर आणि खरं पेडल बघा. दोन: बीटर पॅडवर दाबून धरून वाजवायची सवय असेल तर तसंच वाजवा. दाबलेला बीटर थरथरतो आणि दुसरा ठोका उठतो. काठावरचा यांनी सांगितलेला मास्क थोडा वाढवून जातो का बघा. तीन: डबल पेडल लावायचा विचार असेल तर पॅडची रुंदी मोजा. अरुंद पॅडवर दोन बीटर बसतात खरे, पण दोघेही मध्यापासून लांब पडतात आणि एक पाय हलका येतो. तो दोष पायाचा वाटतो, असतो पॅडचा.

मेशच्या किकवर फेल्टचा बीटर घासून मेश झिजवतो. प्लास्टिक किंवा रबराची बाजू वापरा, नाहीतर चकती चिकटवा.

रात्रीचा_रियाज

शेजारी हा विषय राहिला. हेडफोनमध्ये वाजवणाऱ्याला बाहेर काय ऐकू जातं ते कळत नाही. मॉड्यूलचा आवाज शून्य करा, दुसऱ्याला वाजवायला बसवा आणि चार पावलं लांब उभं राहून ऐका. मेश आणि रबर यांतला फरक तेव्हा लक्षात येईल. सिंबल (झांजा) मात्र दोन्ही किटांत बहुधा रबराचेच असतात, त्यांची टकटक राहतेच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे किकजवळ फरशीवर तळहात टेकवून बघा. खालच्या मजल्यावर जाते ती हवेतली टकटक नव्हे, जमिनीतून उतरणारी धडधड. रबरी चटई किट सरकू देत नाही, पण ही धडधड फारशी अडवत नाही. त्यासाठी दोन लाकडी फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवलेला ओटा करतात. वरची फळी खालच्या फळीला किंवा भिंतीला कुठेही टेकता कामा नये.

शून्य_लेटन्सी

लेटन्सीबद्दल, म्हणजे ठोका मारल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराबद्दल. दुकानात ती कळत नाही, त्यामुळे आकडे वाचूनच ठरवावं.

काठावरचा

@शून्य_लेटन्सी, असहमत. मॉड्यूलची लेटन्सी कंपन्या क्वचितच छापतात, मग वाचणार काय? वाजवून कळते. हेडफोनचा एक कप कानावर आणि दुसरा कान उघडा ठेवा, आवाज मध्यम करा आणि कडेवर एकेक सुटा ठोका मारा. काडीचा खट्ट आणि कानातला आवाज एकच वाटला पाहिजे. दोन वेगळे ऐकू आले तर गडबड आहे.

अंदाजासाठी हिशोब: आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. खऱ्या स्नेअरपासून कानापर्यंत जेमतेम दोन मिलिसेकंद लागतात. मॉड्यूलने आणखी काही मिलिसेकंद घेतले तर हाताला जाणवत नाही. दहाच्या पुढे गेलं की बऱ्याच वादकांना ठोका जड वाटायला लागतो.

आणि ब्लूटूथ हेडफोनवर पारखू नका. त्याची दिरंगाई शंभर मिलिसेकंदांच्या पुढेही जाते. मॉड्यूलवर ब्लूटूथ लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा फोनवरचं गाणं आत घ्यायला असतं.

शून्य_लेटन्सी

एक कान उघडा ठेवायची युक्ती ठीक आहे. पण कॉम्प्युटरवरच्या आवाजांनी वाजवणाऱ्याचं काय? तिथे बफर आला (कॉम्प्युटर आवाज थोडा साठवून मग पुढे सोडतो तो तुकडा). ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ चा ५.८, ५१२ चा ११.६. हे फक्त बफरचे, ऑडिओ इंटरफेस आणि ड्रायव्हरचे वेगळे. त्यामुळे मॉड्यूल कितीही चपळ असलं तरी ५१२ वर मजा गेली.

काठावरचा

बरोबर. पण तो प्रश्न कॉम्प्युटरचा झाला, किटचा नाही. तसं वाजवणाऱ्यांनी मॉड्यूलच्या आवाजांवर वेळ न घालवता लॅपटॉप आणि यूएसबी वायर सोबत न्यावी आणि मिडी (कुठला ठोका किती जोरात हे सांगणारे आकडे) काय बाहेर येतंय ते बघावं. मिडी दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप चालेल. प्रमाण क्रमांक असे: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायाची ४४, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१. क्रमांक वेगळे असले तर बिघडत नाही, बदलता येतात. बघायचं ते दोन गोष्टींसाठी. व्हेलॉसिटी १ ते १२७ असते. हलक्यापासून जोरापर्यंत वाजवताना मधले आकडे सगळे भरतात की ठरावीक आकड्यांवरच उड्या मारतात? आणि हाय-हॅटचं पेडल हळू दाबताना सीसी ४ चा (पेडल किती दाबलंय ते सांगणारा) आकडा सलग सरकतो का? पेडलपतींनी कानाने करायला सांगितलेली परीक्षा इथे डोळ्यांनी होते, आणि इथे लपवाछपवी चालत नाही.

टोकदार_काडी

सिंबल. क्रॅशला कड, राइडला पृष्ठभाग, कड आणि बेल (मधला उंचवटा). बऱ्याच सिंबलमध्ये कडेचा सेन्सर पूर्ण गोलात नसतो, वादकाकडच्या बाजूलाच असतो. म्हणून सिंबल फिरलं की कड मुकी होते. न फिरू देणारी खाच किंवा स्टॉपर आहे ना बघा. वाजवून कड धरा: आवाज तुटला पाहिजे. बोटं किती जोरात आवळावी लागतात तेही लक्षात घ्या. बेलवर काडीच्या टोकाने नाही, काडीच्या खांद्याने (टोकामागच्या निमुळत्या भागाने) मारा. काही राइडवर बेल फक्त जोरातच उठते, हलक्या हाताने वाजवणाऱ्यांना ते चालणार नाही.

क्रॅशवर हळू रोल करत चढवत न्या. प्रत्येक ठोक्याला आधीच्या ठोक्याचं घुमणं तुटून नवीन सुरू होत असेल तर कानाला खुपतं. तो मॉड्यूलचा दोष, उपाय नाही. स्नेअरवर एकाच जोराने जलद वाजवताना शिलाई मशीनसारखा छापील आवाज येतो तोही त्याच जातीचा. एका ठोक्यासाठी किती वेगळे नमुने भरलेत यावर ते अवलंबून असतं.

नवखी_थाप

जुनं किट घ्यायचं असेल तर यात काय वाढेल?

अर्धमात्रा

बरंच. पहिली अट, मांडलेलं आणि चालू किटच बघायला जा. सुटे भाग खोक्यात असतील तर नको.

बसलं की मेश काढून, निदान एका स्नेअरचं, शंकू बघा. डोकं चपटं झालं असेल तर मध्यावरचा ठोका बिघडतो. शंकू स्वस्तात बदलता येतो, पण भावात धरा. पिएझो चकतीच्या (ठोका ओळखणाऱ्या सेन्सरच्या) वायरी डाक देऊन जोडलेल्या असतात. पॅड मधूनच मुकं होत असेल, दाबल्यावर पुन्हा वाजत असेल, तर डाक सुटलाय. तोही दुरुस्त होतो. सिंबलच्या कडेचा स्विच गेला असेल तर मात्र ते रबराच्या आत चिकटवलेलं असतं, सहज उघडत नाही. सिंबल बदलावंच लागेल असं धरा.

प्रत्येक जॅकमध्ये वायर हळूच हलवा. खरखर किंवा आपोआप ठोका आला तर जॅक सैल. सगळ्या पॅडच्या वायरी एकाच २५ पिनांच्या जुडग्यात जात असतील तर मॉड्यूलकडचं टोक नीट बघा, पिना वाकलेल्या असतात. एक पॅड मुकं असेल तर त्याची वायर चालू पॅडला लावून बघा. दोष वायरीबरोबर फिरला तर वायर किंवा इनपुट, नाहीतर पॅड. वायर बदलूनही चालू पॅड तिथे मुकंच राहिलं तर मॉड्यूलचं इनपुट गेलंय, तिथे सौदा सोडा.

मॉड्यूलचं गोल बटण एकेक खटका फिरवा, आकडा उलटसुलट उड्या मारायला नको. अडॅप्टर मूळ आहे का, व्होल्टेज आणि टोकाची ध्रुवता मॉड्यूलवर छापलेल्याशी जुळते का, हेही बघा.

पेडलपती

आणि खोक्यात काय नाही तेही. नवीन घेताना स्टूल आणि किकचं पेडल बहुतेकदा धरलेलं नसतं. दुकानात वाजवलेलं पेडल दुसऱ्याच दर्जाचं असू शकतं, विचारून घ्या.

पुढे पॅड वाढवायचं असेल तर मॉड्यूलच्या मागे रिकामं इनपुट मोजा. दुसऱ्या कंपनीचं पॅड लावायचं तर विशेष जपा. तीन झोनच्या (पृष्ठभाग, कड, बेल वेगळे वाजणाऱ्या) सिंबलची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. कोणाचं एका वायरीवर चालतं, कोणाला दोन लागतात. जुळलं नाही तर बेल किंवा कड मुकी राहते. हाय-हॅट कंट्रोलरचं तर सहसा जुळतच नाही.

डावखुरी

डावखुऱ्यांसाठी काही वेगळं? दुकानात उलटं मांडून देत नाहीत.

पेडलपती

@डावखुरी, सगळं उलटं नका मांडू, मागूही नका. वायरींची लांबी बघा. जुडग्यातल्या वायरी ठरावीक लांबीच्या असतात आणि हाय-हॅटची लहान ठेवलेली असू शकते. ती दुसऱ्या टोकाला, म्हणजे तुमच्या हाय-हॅटच्या जागेपर्यंत, न ताणता पोचते का एवढं धरून बघा. हाय-हॅट कंट्रोलरचीही तशीच. पॅडची अदलाबदल मॉड्यूलमधून करता येते, कंट्रोलरचं इनपुट मात्र एकच असतं. मॉड्यूलचा क्लॅम्प रॅकच्या उजव्या नळीवर बसतो का तेही बघा, काही रॅकवर त्या नळीचा व्यास वेगळा असतो. नाही पोचलं तर जॅकच्या वायरी लांब मिळतात, स्टिरिओच घ्या. मोनो वायर लावली की स्नेअरची कड मुकी होते.